मशिनीत अक्कल दिसते काय?

दिवाळीला घरी गेलो होतो. घरी म्हणजे राळेगावला, यवतमाळ जिल्ह्यात. (पुण्यात ऑफिसमध्ये कोणी गाव विचारलं की हमखास पुढचा प्रश्न येतो, 'अण्णा हजारेंचं का?' ते राळेगण सिद्धी, नगर जिल्ह्यातलं. आमचं राळेगाव कापसाचं.) सकाळी आजी न्हाणीघराबाहेर पाय लांब करून बसली होती आणि पायांवर ताईची आठ महिन्यांची मुलगी उताणी. शेजारी तेलाची वाटी. आजी बोटं बुडवून मुलीच्या टाळूवर तेल थापत होती. टाळू भरली पाहिजे, नाहीतर मूल अशक्त राहतं, हे आजीचं शास्त्र.

"काहून रे बाबू," आजी मध्येच म्हणाली, "तिकडं दवाखान्यात मशिनीत पोरीचं डोकं पायलं म्हंतात. मंग अक्कल दिसली काय त्याच्यात?"

सगळे हसले. ताई हसली नाही.

ती का हसली नाही ते सांगायला हवं. तिची मुलगी मार्चमध्ये झाली, दिलेल्या तारखेच्या नऊ आठवडे आधी. वजन एक किलो चारशे ग्रॅम. राळेगावात ते जमण्यासारखं नव्हतंच, म्हणून वर्धा नदी ओलांडून पलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुलीच्या टाळूवर थोडं जेल लावलं आणि सोनोग्राफीचा छोटासा प्रोब टेकवला. मी काचेबाहेरून बघत होतो. पडद्यावर करडं-काळं काहीतरी हललं. नंतर डॉक्टर म्हणाले, "थोडा रक्तस्राव दिसतोय. पहिल्या ग्रेडचा आहे, घाबरू नका." आता 'मेंदूत रक्तस्राव' हे दोन शब्द ऐकल्यावर 'घाबरू नका' कोणाला ऐकू येतं? ताईला आजही फक्त पहिले दोन शब्द आठवतात.

मुलगी आता बरी आहे. पण आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही, आणि इंजिनियर माणसाला उत्तर न येणं फार लागतं. पुण्याला परत आल्यावर तीन-चार वीकएंड याच वाचनात गेले. लहान मुलाचा मेंदू माणसानं बघायला कधी सुरुवात केली? कसा बघितला? आणि बघून त्याला नेमकं काय कळलं?

गंमत म्हणजे गोष्ट सुरू होते ती टाळूपासूनच.

रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले १८९५ साली. हाडं दिसू लागली, पण मेंदू दिसेना, कारण मेंदू मऊ आणि कवटी कडक. जिवंत बाळाच्या डोक्यात काय चाललंय हे कळायला मार्गच नव्हता. १९१८ साली अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडी नावाच्या शल्यचिकित्सकानं एक धाडसी युक्ती केली. मेंदूच्या आत पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यातलं पाणी सुईनं काढून तिथे हवा भरली आणि मग क्ष-किरणांनी फोटो काढला. हवा काळी दिसते, म्हणून पोकळीचा आकार उमटला. त्याचे पहिले रुग्ण लहान मुलंच होती, डोक्यात पाणी साठलेली. आणि तान्ह्या बाळात सुई घालायला जागा कुठली, तर टाळू. तिथे हाड नसतं. दीड वर्षाच्या आसपास ती भरते, तोवर कवटीला एक खिडकी उघडी असते. आजी ज्या जागी तेल घालते तीच.

ही पद्धत किती वेदनादायक असेल याची कल्पनाच केलेली बरी. तरी पुढची पन्नासेक वर्षं याहून फारसं चांगलं काही नव्हतं.

मग आलं सीटी स्कॅन. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. यंत्र बनवणारे गॉडफ्री हाउन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनियर होते, आणि नोकरी करत होते ईएमआय कंपनीत. हो, तीच, बीटल्सच्या रेकॉर्डवाली. डोक्याभोवती फिरून वेगवेगळ्या कोनांतून मोजमापं घ्यायची आणि संगणकाकडून हिशेब करून आतला काप परत उभा करायचा. म्हणजे खरं काम सॉफ्टवेअरचं. १९७९ साली हाउन्सफील्डना नोबेल मिळालं. (आमच्या क्षेत्रातल्या माणसाला वैद्यकाचं नोबेल! हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर जरा मन लावून दिला असता.)

सीटी आल्यावर जे दिसलं त्यानं डॉक्टर हादरले. १९७८ साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये लू-ॲन पपील आणि सहकाऱ्यांनी दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या ४६ बाळांचा ओळीनं सीटी केला. कोणाला लक्षणं आहेत, कोणाला नाहीत, असं काही न निवडता सगळ्यांचा. ४६ पैकी २० जणांच्या मेंदूत रक्तस्राव निघाला. त्याहून मोठा धक्का पुढे होता. रक्तस्राव होऊनही जगलेली बाळं ९, आणि त्यातल्या ७ जणांत बाहेरून शंका यावी असं काहीच नव्हतं. तोवर समज असा की मेंदूत रक्त सांडलं की मूल बहुधा जातंच, कारण ते कळायचं शवविच्छेदनात. जी जगली त्यांच्या डोक्यात कोणी बघितलंच नव्हतं! आमच्या भाषेत सांगायचं तर फक्त क्रॅश झालेल्या सर्व्हरचे लॉग वाचून निष्कर्ष काढल्यासारखं.

त्या निबंधात रक्तस्रावाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. ताईला डॉक्टर म्हणाले तो 'पहिला ग्रेड' यातलाच. न्यू मेक्सिकोच्या ४६ बाळांवरून ठरलेला शब्द पंचेचाळीसहून जास्त वर्षांनी वर्धा नदीच्या काठी आमच्या ताईच्या कानावर पडला. पहिला ग्रेड म्हणजे रक्त पोकळीच्या कडेच्या एका नाजूक थरातच राहिलं, आत पसरलं नाही. हा थर पेशींचा कारखाना असतो. पुढे मेंदूच्या पृष्ठभागावर जाणाऱ्या कित्येक पेशी इथे जन्मतात, आणि त्यांना भरपूर रक्त लागतं म्हणून इथे पातळ भिंतीच्या रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत तो थर विरून जातो. पूर्ण दिवसांच्या बाळात तो जवळजवळ उरतच नाही. आमची भाची ३१ व्या आठवड्यात आली, कारखाना चालू असताना.

सीटीत किरणोत्सर्ग, आणि बाळाला यंत्रापर्यंत न्यायचं म्हणजे आणखी धोका. १९७० च्या दशकाच्या शेवटी कोणाच्या तरी लक्षात आलं की ध्वनिलहरी हाडातून नीट जात नाहीत, पण टाळूला हाडच नाही. डँडीनं जिथून सुई घातली तिथून आता आवाज आत पाठवायचा. सुई नाही, किरण नाहीत, यंत्र चाकांवर ढकलत काचपेटीपाशी आणायचं. आज लहान वजनाच्या बाळांच्या विभागात ही तपासणी नेहमीची झाली आहे.

पण सोनोग्राफीत दिसतं ते ढोबळ. रक्त दिसतं, पाणी दिसतं, मेंदूची घडण बारकाईनं दिसत नाही. त्यासाठी एमआरआय. पॉल लॉटरबरनं १९७३ साली याचं पहिलं चित्र छापलं, ते होतं पाण्यानं भरलेल्या दोन काचनळ्यांचं. 'नेचर'नं तो निबंध आधी परत पाठवला होता. (मॅनेजरनं आपली आयडिया परत पाठवली की मी हे स्वतःला सांगतो. फार उपयोग होत नाही.) २००३ साली पीटर मॅन्सफील्डबरोबर त्याला नोबेल मिळालं. एमआरआय मुळात पाणी बघतो. कुठल्या ऊतीत पाणी किती आणि ते किती मोकळं, यावरून करडं-पांढरं चित्र बनतं.

आणि इथेच तान्ह्या मेंदूनं सगळ्यांना चकवलं. मोठ्या माणसाच्या मेंदूत वरची साल करडी आणि आतलं वायरिंग पांढरं. पांढरं का, तर प्रत्येक तंतूवर मायलिन नावाच्या चरबीचं वेष्टण असतं, वायरवर इन्सुलेशन असतं तसं. नवजात बाळाच्या बहुतेक वायरींवर ते अजून चढलेलंच नसतं. तिथे असतं पाणी. त्यामुळे एमआरआयच्या चित्रात बाळाचा मेंदू मोठ्यांच्या मानाने उलटा दिसतो, निगेटिव्ह फिल्मसारखा. मग महिन्यागणिक इन्सुलेशन चढत जातं, साधारण मागून पुढे, आणि सहा महिन्यांच्या आसपास एक असा काळ येतो की साल आणि वायरिंग यांचा रंग चित्रात जवळजवळ सारखाच होतो. मोठ्यांच्या मेंदूसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर इथे सपशेल झोपतं. ही सीमा ओळखणारे प्रोग्रॅम लिहिण्याच्या चक्क स्पर्धा झाल्या आहेत. कपाळामागच्या भागाचं इन्सुलेशन तर विशीतही चालूच असतं. म्हणजे माझं परवा-परवापर्यंत चालू होतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दिसतेच ते."

आणखी अडचण म्हणजे हलणं. एमआरआयमध्ये कित्येक मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं आणि यंत्र हातोडे मारल्यासारखा आवाज करतं. तान्ह्या बाळाला कोण सांगणार? लंडनच्या किंग्ज कॉलेजचे डेव्हिड एडवर्ड्स यांनी इम्पिरियल आणि ऑक्सफर्डच्या लोकांबरोबर एक मोठा प्रकल्प केला, 'डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट'. एडवर्ड्स मुळात नवजात बाळांचे डॉक्टर, आयुष्य गेलं ते या बाळांच्या मेंदूत काय बिघडतं हे शोधण्यात. त्यांचा उपाय ऐकून आजी खूश होईल: बाळाला पोटभर पाजायचं, कान झाकायचे, घट्ट गुंडाळायचं आणि झोपू द्यायचं. गुंगीचं औषध नाही. बाळ तरी हललंच, तर हललेलं चित्र सॉफ्टवेअरनं दुरुस्त करायचं. अशा साडेसातशेहून जास्त बाळांची चित्रं त्यांनी जगाला खुली करून दिली आहेत. वेळेआधी जन्मलेल्यांचीसुद्धा आहेत. पंचविसाव्या आठवड्याचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत, चाळिसाव्याचा अक्रोडासारखा घड्याघड्यांचा. आमच्या भाचीच्या त्यातल्या नऊ आठवड्यांच्या घड्या पोटाबाहेर, काचपेटीत, मॉनिटरच्या पीं-पीं आवाजात पडल्या.

आपल्याकडेही मोठं काम झालंय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्रानं, मोहनशंकर शिवप्रकाशम यांच्या नेतृत्वाखाली, दुसऱ्या तिमाहीतल्या पाच गर्भांच्या मेंदूंचा नकाशा प्रसिद्ध केला, ५,१३२ काप, पेशी न् पेशी दिसेल इतका बारीक. केंद्राला पैसा दिला क्रिस गोपालकृष्णन यांनी, इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक. इन्फोसिस सुरू झाली १९८१ ला आपल्या पुण्यातच, हे वाचकांना सांगायला नकोच. नकाशाचं इंग्रजीत लिहिलेलं नाव मी पहिल्यांदा 'धारणी' असं वाचलं आणि चरकलो. ते बहुधा 'धरणी' असावं. पण आम्हा विदर्भातल्या लोकांना धारणी म्हटलं की मेळघाट आठवतो, आणि मेळघाट म्हटलं की कुपोषण.

चरकलो ते बरंच झालं, कारण इतका वेळ एक प्रश्न मागे राहिला होता. चित्रात कुठे काय आहे ते दिसतं. तसं का झालं ते कुठे दिसतं?

लंडनच्या बाळांवरून काढलेला नियम आपल्याकडे चालेलच असं नाही, याचा एक कडवट पुरावा आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं शरीर तीन दिवस थंड ठेवलं तर मेंदू वाचतो, हे श्रीमंत देशांत सिद्ध झालेलं. हेलिक्स नावाच्या चाचणीत तोच उपचार भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर करून बघितला, २०१५ ते २०१९. निकाल २०२१ ला आला. थंड ठेवलेल्या बाळांपैकी ४२ टक्के गेली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. उपचारानं जास्त मुलं दगावली. रोगाचं नाव तेच, पण इथल्या बाळाच्या मागचे नऊ महिने वेगळे.

त्या नऊ महिन्यांचा शोध घेणारे लोक वेगळेच होते, आणि त्यांची गोष्ट आमच्या कापसापर्यंत येते.

वऱ्हाडचा कापूस गाड्या भरभरून मुंबईला जायचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही आमची शकुंतला रेल्वे घातलीच त्यासाठी. त्या मुंबईच्या गिरणीकामगार बायका १९२० च्या दशकात गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर त्याचं कारण शोधायला मुंबईत आली. जंतू शोधले, सापडले नाहीत. मग तिनं बायकांचं जेवण बघायला सुरुवात केली. तसंच निकृष्ट जेवण उंदरांना आणि माकडांना देऊन पाहिलं. शेवटी एका आजारी माकडाला तिनं मार्माइट चारलं, दारूच्या भट्टीतल्या यीस्टचा तो स्वस्त, खारट, काळा लेप, आणि माकड उठून बसलं. मग बायकाही बऱ्या झाल्या. १९३१ साली तिनं हे छापलं. मार्माइटमध्ये काय आहे ते तिला माहीत नव्हतं, लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि नाव पडलं फॉलिक ॲसिड.

याचा मेंदूशी संबंध कळायला आणखी पन्नास वर्षं लागली. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस एक नळी मिटते, जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. ती नीट मिटली नाही तर मूल कायमचं अधू होतं किंवा जगतच नाही. ज्या बायकांना आधी असं मूल झालं होतं त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर ही चूक पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं, हे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत १९९१ ला दिसलं. चौथा आठवडा म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. गावाकडे तोवर बाईनं कोणाला सांगितलेलंही नसतं. एमआरआयचं यंत्र दारात आणून ठेवलं तरी इथे उशीर झालेला असतो.

फॉलिक ॲसिडचा जोडीदार म्हणजे बी-१२. १९६२ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून 'लॅन्सेट'मध्ये एक निबंध आला, लेखकांत पहिलं नाव जाधव. (जाधव आडनाव वेल्लोरला बघून आपला मराठी ऊर भरून आला, नाकारत नाही.) सहा तान्ही बाळं. हसायला, बसायला शिकलेली मुलं अचानक मागे जात होती, मान टाकत होती, कशातच लक्ष नाही, हातपाय आपोआप हलतात. सगळी आईच्या दुधावरची. आईच्याच अंगात बी-१२ नव्हतं तर दुधात कुठून येणार? बी-१२ दिलं आणि मुलं झपाट्यानं सुधारली. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसतं. दूध, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. आणि इन्सुलेशनचं ते मायलिन चढवायला आणि टिकवायला शरीराला बी-१२ लागतं.

आता पुण्याला या. डेव्हिड बार्कर नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी मांडलं होतं की म्हातारपणीच्या हृदयरोगाचं आणि मधुमेहाचं बीज आईच्या पोटात पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सहा गावांत काम सुरू केलं. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायकांपासूनच. म्हणजे पोटात मूल येण्याआधीची नोंद! साधारण ४२ किलो वजनाच्या बायका, शेतात राबणाऱ्या. काय खाल्लं, किती काम केलं, रक्तात काय आहे, सगळं लिहून ठेवलं. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी ७९७ गरोदरपणांची माहिती तपासली. ज्यांच्या जेवणात दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्या जास्त, त्यांची बाळं अंगानं मोठी. या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पोटाचा घेर फार कमी, डोकं त्यामानाने बरंच राखलेलं, आणि चरबी सगळ्यात जास्त राखलेली. टंचाई पडली की गर्भ जणू पोटातल्या अवयवांचा खर्च कापून डोक्याला देतो. बजेट आमच्याही कंपनीत असंच कापतात, फक्त डोक्याला देत नाहीत.

त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त आयांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर दोन टोकं निवडली, बी-१२ अगदी कमी असलेल्या आयांची मुलं आणि भरपूर असलेल्यांची. बुद्धिमत्तेच्या चाचणीत फरक नाही. पण लक्ष टिकवून आकडे जोडायच्या चाचणीला पहिल्या गटाला १८२ सेकंद लागले, दुसऱ्याला १५९. आकडे उलटे म्हणायच्या चाचणीतही पहिला गट थोडा मागे. २००८ साली हे छापून आलं. लगेच उड्या मारू नका. मैसूरला असाच अभ्यास झाला, तिथे आईच्या फॉलिक ॲसिडचा संबंध दिसला, बी-१२ चा नाही. मला उलट यामुळेच विश्वास वाटतो. सगळेच अभ्यास एका सुरात बोलायला लागले की माझ्यातला टेस्टर जागा होतो.

मुलं वाढत गेली, सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी तपासायला येत राहिली. आमच्या ॲपचे युजर तिसाव्या दिवशी निम्मे पळालेले असतात, आणि इथे खेड्यातली कुटुंबं दोन-दोन दशकं टिकून आहेत. २०२१ साली केईएमचे मनोविकारतज्ज्ञ ऋषिकेश बेहेरे यांनी, अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाचे एमआरआयमधले संशोधक गोपीकृष्ण देशपांडे आणि डॉ. याज्ञिक यांच्याबरोबर, पुढच्या टप्प्याचा आराखडा प्रसिद्ध केला. या मुलांच्या, म्हणजे तेव्हा पंचविशीतल्या माणसांच्या, मेंदूंचा एमआरआय करायचा. मेंदूची रचना, स्वस्थ पडलेलं असताना कोणता भाग कोणाशी बोलतो ते, आणि वायरिंगमधून पाणी कसं सरकतं ते. आणि ही चित्रं जोडायची १९९३ ते ९६ सालच्या त्या वह्यांना, त्यांच्या आयांच्या रक्तातल्या बी-१२ ला.

दोन वाटा इथे येऊन मिळतात. डँडी, हाउन्सफील्ड, लॉटरबरची चित्राची वाट, आणि विल्स, जाधव, याज्ञिकांची ताटाची. यंत्र विकत घेता येतं. तीस वर्षांपूर्वीची नोंद कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. त्या दिवशी कोणीतरी सायकलवरून, चिखलातून, त्या घरी गेलेलं असावं लागतं.

दरम्यान त्या लोकांनी मुलं मोठी व्हायची नुसती वाटही बघितली नाही. २०१२ पासून याच गटातल्या, तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना रोज बी-१२ द्यायला सुरुवात केली, लग्नाआधीच. पुढे त्यातल्या मुलींना बाळं झाली. ज्यांना बी-१२ मिळालं त्यांची बाळं दोन वर्षांची असताना आकलनात आणि भाषेत पुढे निघाली. संख्या लहान आहे, पण दिशा कळते. आपल्या सरकारी लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड असतं, बी-१२ नसतं. याज्ञिकांची मंडळी या मुद्द्यावर खूप वर्षं बोलत आहेत, कारण फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी अशा आयांची मुलं सहाव्या वर्षी मधुमेहाच्या वाटेवर जास्त पुढे दिसली होती.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. म्हटलं, "आजी, अक्कल नाही दिसत मशिनीत. पाणी दिसते, रक्त दिसते, वायरी दिसतात."

"मंग ठीक हाय," आजी म्हणाली. "मले वाटलं तुमीच वाचून घेतली असन, आन् सांगून नाही रायले."

ताईला फोनवर पपीलबाईंची गोष्ट सांगितली, रक्तस्राव असूनही बाहेरून काहीच न दिसणाऱ्या बाळांची. पहिला ग्रेड म्हणजे नक्की काय, तेही पहिल्यांदा कोणीतरी तिला शांतपणे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण पुढं काय होईन ते नाही ना सांगत कोणी." नाही सांगत. दर महिन्याला डोक्याचा घेर टेपनं मोजायचा, कार्डावर ठिपका द्यायचा, मुलगी बसते का, वस्तू पकडते का, हाक मारली की वळते का ते बघायचं. एवढंच आहे. ताई तेवढं करते. स्वतःचं बी-१२ पण तिनं तपासून घेतलं, आणि आता गोळी घेते.

शेवटी फोन आईकडे गेला. पुण्याजवळच्या गावांतली ती मुलं माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, मी जानेवारी १९९८ चा. माझ्या आईची वही कोणी लिहिली नाही. म्हणून मीच विचारलं, माझ्या वेळी तू काय खायचीस?

"काय खाईन? भाकर, वरण, कधी चटणी. वेचणीचे दिवस होते, सकाळीच वावरात जा लागे."

"आणि दूध? आपल्याकडे तर तेव्हा दोन म्हशी होत्या."

"होत्या ना. दूध इकाले जाय."